पासशिवाय

धाकेभाऊंनी फोन केला नाही, फोटो पाठवला.
पडद्यावर त्यांचं बोट, बोटावर केळीच्या चिकाचा काळा डाग,
खाली एकच वाक्य : काल चालत होतं.

काल चालत होतं हे मलाही माहीत होतं.
रात्री भुसावळात, कूलरपुढं बसून,
सेशनची मुदत मीच तर छाटली होती
वीस मिनिटांवरून पाचवर,
आणि वर नियम घातला होता :
ओळख पटल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही.
कारण मागल्या आठवड्यात धाकेभाऊ चहाला गेले
आणि त्यांच्या उघड्या पानावरून कुणीतरी
एका गाडीचे चार क्विंटल पुसून टाकले.
चेअरमन म्हणाले, हेमलताताई, कुलूप लावा.
लावलं. चांगलं घट्ट लावलं.

आता पान उघडतं.
नावाचा रकाना येतो, पासवर्डचा येतो,
आणि निळं बटण, दाबलं की खाली बसतं,
उठतं,
गप्प.

माझ्याकडे मात्र सगळं नीट.
तसंच कळवलं मी : इकडे चालतंय.
(हे वाक्य आमच्या धंद्यात
डॉक्टरनं स्वतःची नाडी पाहून
रोगी बरा आहे म्हणावं, तसं.)
शेवटी फैजपूरवरून एस.टी. धरली.
सावद्याला उतरले तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं.

फाटकावर सुपडू तडवी.
"पास?"
पास कुठं मिळतो?
"आत. हाफिसात."
मग आत जाऊ द्या.
"पासशिवाय नाई जाता येत, बाई.
मले सांगेल होतं, कोनालेच सोडू नको."
त्याच्या मागं सात ट्रक उभे, दिल्लीकडं तोंड करून,
घडांवर पाल्याची झाकण, पाला करपत चाललेला.
धाकेभाऊ आतून धावत आले, पासबुक हलवत.

काट्यावरचा पंखा हवा कमी, धूळ जास्त देत होता.
आधी कॅश पुसला. मग दुसरा ब्राउझर.
मग फाइल जागेवर आहे का पाहिलं : होती,
तशीच, एक अक्षर न हललेली.
नेटवर्कची यादी उघडली : सगळं हिरवं,
सगळीकडं दोनशे, कुणाची तक्रार नाही.
फक्त कन्सोलमध्ये एक लाल ओळ :
पहिल्याच ओळीत अनपेक्षित चिन्ह.
एक तिरका कंस. इथं नको असलेला.

स्क्रिप्ट म्हणून जे आलं होतं ते उघडून वाचलं.
नावाचा रकाना. पासवर्डचा रकाना. निळं बटण.
आम्ही दार उघडणाऱ्याला हाक मारली होती,
आणि पहाऱ्यानं त्यालाही विचारलं होतं, तू कोण,
आणि त्याच्या जागी, त्याच्याच नावानं,
पुन्हा दारच पाठवून दिलं होतं.
आणि मी घरून पाहत होते
ती आधीच आत बसून.

मला हसू आलं. धाकेभाऊंना वाटलं उन्हानं.
तीन ओळी घातल्या :
हे एक फोल्डर, हे सगळ्यांना खुलं.
तरी बटण गप्प. त्यांच्या मशीननं
ते खोटं पान स्क्रिप्ट म्हणून जपून ठेवलेलं.
फाइलच्या नावामागं नवा आकडा जोडला.
निळं बटण दाबलं,
खाली बसलं, उठलं, आणि
वजनाचा तक्ता एकदम असा आला
जसा ओसरीवर पाहुणा, न कळवता.

सात गाड्या सहाच्या आत निघाल्या.
चार क्विंटल कुणी पुसले ते अजून कळलेलं नाही,
आणि माझ्या कुलपानं कळणारही नाही,
ते फक्त पुढच्या वेळचं आहे.
चेअरमनला हे सांगावं का, ठरत नव्हतं.

पासबुक धाकेभाऊंनी परत आतल्या खणात ठेवलं.
ते फोल्डर माझ्या हातात नव्हतं.

बाहेर पडताना सुपडूनं काही विचारलं नाही.
बाहेर जाणाऱ्याला तो कधीच विचारत नाही.
डागी म्हणून बाजूला काढलेल्या फणीतली दोन केळी दिली,
म्हणाला, "यस्टीत खाजा. गोड हायेत,
वरूनच फक्त काये."